जिथं आधी कुणी जेवत असतं

११ फेब्रुवारी

पोहोचलो एकदाचा. जन्मभर लोकांसाठी कवळ्या बनवल्या आणि म्हातारपणी येऊन पडलो ते अशा जागी, जिथे सगळी वस्ती पाखरांची. एकाच्याही तोंडात दात नाही. इथे दुकान टाकलं असतं तर उपाशी मेलो असतो.

तसा उपाशी मरायचा बेत मी घरीच आखला होता, असं डॉक्टरांचं म्हणणं. ही गेल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, एवढं खरं. भूक लागतच नाही असं नाही. पण ताटावर बसलं, समोरची रिकामी खुर्ची दिसली, की घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो. डॉक्टर म्हणाले, "एप्रिलपर्यंत वजन वाढलं नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. थट्टा समजू नका." मी थट्टा समजलो नाही, पण फारसं मनावरही घेतलं नाही. वजन वाढवायचं ते कशासाठी, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात सूनबाईचा फोन आला. ती या जंगलातल्या संशोधन केंद्रात असते. फळं खाणारी पाखरं एवढ्या फळांतून नेमकं एखादंच फळ कसं निवडतात, हे शोधून काढायचं तिचं काम. त्यासाठी तिला खोटी फळं हवी आहेत, अगदी खऱ्यासारखी, मऊ मेणमातीची, म्हणजे पाखराने टोचलं की चोचीचा ठसा उमटेल. "बाबा, तुमच्यासारखा हात मला कुठे मिळणार? या ना. माझं सगळं अडलंय." मुलगा जहाजावर आहे, त्यानेही तिकडून तेच पालुपद लावलं. म्हटलं, पोरीचं काम अडलंय तर जायलाच हवं.

पत्र्याच्या छपराची लांबट इमारत, ओळीने खोल्या, टोकाला जेवणघर, ओसरीवर टांगलेली पितळी घंटा. बाकीचे लोक रजेवर आहेत, त्यामुळे सध्या आम्ही तिघंच: सूनबाई, मी आणि आचारीबुवा. रात्री आचारीबुवांनी जेवणाची घंटा बडवली आणि मी उगाच पिशवी उपसत बसलो. मोठं टेबल, काठोकाठ भरलेलं ताट. दोन घास खाल्ले आणि प्रवासाने दमलो म्हणून उठलो. सूनबाईने ताटाकडे पाहिलं, पण एका शब्दाने आग्रह केला नाही. चांगल्या वळणाची पोर आहे. आग्रहाचा मला अगदी वीट आलाय.

१३ फेब्रुवारी

घंटा बिघडली. आचारीबुवा म्हणाले, "लोलक पडला हो तिचा. कुठे गेला कोण जाणे." एवढा मुठीएवढा लोलक पडतो आणि सापडत नाही, असला हा कारभार. माझ्या दृष्टीने बरंच झालं.

सूनबाईने कामाची खोली दाखवली. खिडकीशी लांब बाक, उजेड उत्तम. नमुन्याला तिने खऱ्या फळांची एक डहाळी आणून ठेवली. बोराएवढी निळसर काळी फळं, वर पांढुरकी धूळ बसलेली. सगळी बाहीला पुसून लख्ख केली आणि मग छटा जुळवायला घेतली. पेशंटचा दातही आधी पुसूनच बघायचा असतो, नाहीतर रंग हमखास फसतो. नवशिक्यांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. दुपारपर्यंत रंग असा जुळला की आचारीबुवांनी खोटं फळ उचलून तोंडात टाकलं. थुंकल्यावर म्हणाले, "चव तेवढी जमली नाही."

हात चालत होते. बऱ्याच दिवसांनी चालले. ही असती तर दारात उभी राहून म्हणाली असती, "आता जेवायला यायचं की मेणच खायचं?"

१८ फेब्रुवारी

सूनबाई हुशार आहे, मायाळू आहे, पण टापटीप म्हणून नाही. आज लिहूनच ठेवतो, म्हणजे मन मोकळं होईल.

जेवणघरातल्या टेबलावर तिने कागदांचा डोंगर रचलाय. पिंपळाच्या पानाएवढीसुद्धा जागा मोकळी नाही. मग जेवायचं कुठे? तर म्हणाली, "बाबा, तुमच्या बाकावरच बसू या का? काम करता करता." आणि येऊन माझ्या शेजारीच स्टूल ओढून बसते, समोर खिडकी. ताटही धड नाही. आचारीबुवा म्हणतात, मोठी ताटं संशोधनाला गेली, त्यात माती कालवलीय. आता पाखरांच्या संशोधनाला ताटं कशाला लागतात ते एक त्या परमेश्वराला ठाऊक. बशीत चमचाभर भात देतात. तेवढा संपायला वेळ लागत नाही.

वर तिची सवय अशी की पपई कापायची, फोडी करायच्या, दोन खायच्या आणि वाटी तिथेच सोडून जायचं. एक वाटी माझ्या उजव्या हाताशी, एक ओसरीच्या कठड्यावर, एक खुर्चीजवळ. मुंग्या लागतील म्हणून मलाच संपवाव्या लागतात. अन्न टाकणं मला बघवत नाही. तिच्या आईने एवढं कसं शिकवलं नाही कोण जाणे. पण तोंडावर बोलणार नाही. पोरगी दिवसभर रानात राबते.

२३ फेब्रुवारी

आज तिच्याबरोबर झाडाखाली गेलो. अंथरायला चटई, दुर्बीण, गुडघ्यांना शिव्या. झाड फळांनी लगडलेलं. मला वाटायचं, पाखरू येतं, दिसेल ते खातं, उडून जातं. छे! एखाद्या कजाग गिऱ्हाइकाने भाजी निवडावी तसं चाललेलं असतं.

चोचीपेक्षा मोठं फळ ते बघतसुद्धा नाही, कारण त्याला अख्खं गिळायचं असतं. बारक्या चोचीवाला बारकं शोधतो. जाड्या पाखराला जाड फांदी लागते; फांदीच्या टोकाचं फळ कितीही रसाळ असलं तरी ते म्हणतं, राहू दे. पिकलेलं नसेल तर चोचीत दाबून टाकून देतात. आणि एकाच झाडावर पोट भरत नाहीत, थोडं इथे खातात, थोडं तिथे.

"पण बाबा, एक गंमत बघा," सूनबाई कुजबुजली. पलीकडे तसंच एक झाड होतं, तेवढंच पिकलेलं, पण सुनं. आमच्या झाडावर मात्र झुंबड. "नवीन आलेलं पाखरू आधी बघतं की कुठे कुणी खातंय. जिथं आधी कुणी जेवत असतं, तिथेच उतरतं."

"घाबरतं?"

"घाबरत असेल. किंवा एकट्याला खायचा धीर होत नसेल."

मी म्हटलं, "म्हणजे आग्रह नाही, वाढणं नाही, नुसतं शेजारी बसून खायचं." ती माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा दुर्बिणीला डोळे लावले. मग पिशवीतून केळं काढलं, अर्धं मोडून स्वतः खाल्लं आणि अर्धं चटईवर ठेवून दिलं. घ्या! रानातही तेच. मातीत पडेल म्हणून मी उचलून खाल्लं.

४ मार्च

इथली हवा फार दमट. चामडं आकसतं. घरून निघण्याआधी पट्ट्याला खिळ्याने एक जास्तीचं भोक पाडलं होतं, कारण पँट कमरेवर राहत नव्हती. आता ते भोक लागतच नाही. आज तर त्याच्या अलीकडचंही घट्ट वाटलं. आचारीबुवांना म्हटलं, दमट हवेने पट्टा आखूड झाला. त्यांनी "होतं असं" म्हणून तोंड फिरवलं आणि खोकत बसले. त्यांना धुराने खोकला झाला असावा, औषध घ्यायला सांगितलं पाहिजे.

रात्री मुलाचा फोन. सूनबाई ओसरीवर त्याच्याशी बोलत होती. मी गेल्यावर म्हणाली, "हो, हो, छान उतरतायत," आणि फोन माझ्याकडे दिला. पाखरांबद्दल बोलत होती.

१० मार्च

खोटी फळं झाडावर लागली. माझी हिरवी, माझी तांबडी, माझी पिकलेली निळीकाळी. एकेक तार, एकेक डहाळी, सूनबाई शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. लांबून बघताना मलाच फरक कळेना. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. इतकं सुबक काम मी लोकांच्या तोंडातही केलेलं नाही.

तिचं सगळं या एका बहरावर आहे. झाड आता पुढल्या वर्षी फळणार. या वर्षी पाखरांनी पिकलेली खोटी फळं टोचली तर तिचं काम उभं राहणार, नाहीतर केंद्र तिला पुढे ठेवेल याची खात्री नाही. हे तिने मला सांगितलं नव्हतं, आचारीबुवांनी सांगितलं.

१५ मार्च

एक ठसा नाही. पाखरं येतात, शेजारचं खरं फळ खातात, माझ्या फळाला वळसा घालून जातात. हिरव्याला नाही शिवत ते समजलं, कच्चं कोण खाईल. पण पिकलेलंही नाही. सूनबाईने जागा बदलल्या, फांद्या बदलल्या. खरी फळं दिवसेंदिवस कमी होताहेत. ती हसत बोलते, पण डोळ्यांखाली काळं आलंय. मला माझ्याच कामाची शंका येते आणि पुन्हा जाऊन बघतो. चूक सापडत नाही.

१७ मार्च

सापडली.

सकाळी ती माझ्या बाकाशी बसून खऱ्या फळांची डहाळी हातात घेऊन नुसती बघत होती. मी म्हटलं, दाखव बघू, छटा परत ताडून पाहतो. फळ तोडलं, बाहीला पुसलं आणि उजेडात धरलं.

ती म्हणाली, "बाबा, काय केलंत?"

"काय केलं? पुसलं. पुसल्याशिवाय रंग कळत नाही."

"पहिल्यांदाही पुसलं होतंत?"

"मग काय! धुळीसकट रंग जुळवतात होय?"

तिने पुसलेलं फळ माझ्या हातातून घेतलं. मग हळूच म्हणाली, "ती धूळ नसते, बाबा. फळ पिकलं की त्यावर तसा थर येतो. पाखरांना आपल्याला न दिसणारा एक उजेड दिसतो, त्यात तो थर चकाकतो. त्यावरून त्यांना लांबून कळतं की पिकलंय. चूक माझी आहे, मी तुम्हाला सांगायला हवं होतं." आणि उठून खोलीत गेली. दार लावलं नाही, नुसतं ओढून घेतलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दात पुसायची सवय! पोरीने विश्वासाने बोलावलं आणि मी तिच्या वर्षाची माती केली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१८ मार्च

काल दिवसभर ती जेवली नाही. आचारीबुवा दोनदा ताट घेऊन गेले, दोनदा तसंच आणलं. मोठं ताट, बरं का, कुठून तरी सापडलं होतं. मला म्हणाले, "तुम्ही सांगून बघा." मी जाणार होतो, "चार घास खाऊन घे" असं म्हणणार होतो. दारापाशी पोहोचलो आणि आठवलं, हेच चार शब्द ऐकले की मी कसा ताटावरून उठायचो.

तेव्हा मला ते झाड आठवलं. डोक्यात एकदम कल्पना चमकली. माझं मलाच कौतुक वाटलं. मागे फिरलो. पपई कापली, तिच्या एका घासात मावतील अशा बारीक फोडी केल्या. ताट नाही घेतलं, वाटी घेतली. तिच्या खोलीत गेलो, एक शब्द बोललो नाही. तिच्या समोर नाही, शेजारी खाटेच्या कडेवर बसलो, आणि मी आपला खायला लागलो. एक फोड, दुसरी फोड. वाटी दोघांच्या मध्ये ठेवली, तिचा हात सहज पोहोचेल अशी. खिडकीबाहेर बघत राहिलो.

माझ्या पाच फोडी झाल्या. मग तिचा हात आला. एक फोड गेली.

"बाबा," ती म्हणाली, "हे कुठे शिकलात?"

मी ऐटीत म्हटलं, "पाखरांकडून. तूच नाही का सांगितलंस? जिथं आधी कुणी जेवत असतं. पाखरांना लागू पडतं तर म्हटलं माणसावर करून बघू. कुणाला सुचलं नसेल असं."

ती हसायला लागली. किती हसावं! डोळ्यांतून पाणी आलं, हसते की रडते तेच कळेना. "नाही सुचलं, बाबा," म्हणाली, "कुणालाच नाही सुचलं." आणि वाटी संपवली. नंतर भातही खाल्ला. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही, पण पोरीच्या पोटात अन्न गेलं, मी भरून पावलो.

मग तोंड पुसून उठली. "उतारावरचं झाड उशिरा पिकतं, त्यावर अजून फळं आहेत. आपण दोन्ही लावू. थर असलेली आणि पुसलेली, शेजारी शेजारी."

"पुसलेली कशाला आता?"

"तयार आहेत ना. पाखरं त्यांना का टाळतात ते तरी सिद्ध होईल."

असल्या माणसावर माझा मुलगा भाळला, त्याची अक्कल मी उगाच काढत आलो.

२ एप्रिल

ठसे! तिने शहरातून कसलीशी भुकटी मागवली होती, ती मी सगळ्यात मऊ कुंचल्याने खोट्या फळांवर बसवली, बोट न लावता, न पुसता. दात कधी असा मळवला नव्हता. आज डहाळ्या खाली आणल्या. भुकटीवाल्या फळांवर चोचींचे खड्डेच खड्डे. पुसलेली तशीच्या तशी, एखाद्यावर एखादा ओरखडा. त्यातही जी भरल्या झाडाशेजारी होती ती जास्त टोचलेली, सुन्या फांदीवरची कमी. सूनबाई म्हणाली, एवढ्याने सगळं सिद्ध होत नाही, पण पुढचं वर्ष मागायला पुरेसं आहे. आचारीबुवांनी एक टोचलेलं फळ चहाच्या डब्यावर मांडून ठेवलंय.

एका ठशावर वरची चोच आणि खालची चोच दोन्ही स्वच्छ उमटलीत. असा ठसा पेशंटकडून मिळायला मी जन्मभर तरसलो. ते फळ मागून घेतलं.

७ एप्रिल

सामान आणायला सूनबाई आमच्या शहरात निघाली, म्हणाली, "जाता जाता तुमच्या डॉक्टरांकडेही डोकावू." गेलो. वजनकाट्यावर उभा राहिलो. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मला खाली उतरवलं आणि पुन्हा चढवलं.

"आजोबा, नळीचं नाव आता काढायला नको. काय केलंत हो?"

"काही नाही," मी म्हटलं. "जेवायचं असं काही नसतंच तिथे. घंटा बिघडली. टेबलावर कागद, मग जेवायला समोर कुणी नसतं, सूनबाई शेजारी बसते. मोठी ताटं नाहीत, बशीत चमचाभर देतात. आणि ही पोर अर्धं खाऊन टाकते, बारीक फोडी करून जिथे तिथे वाट्या ठेवते, नेमक्या माझ्या हाताशी, मग मला..."

मी बोलत गेलो आणि माझेच शब्द माझ्या कानांवर पडत गेले. मी काट्यावरून खाली उतरलो. डॉक्टर वाट बघत होते.

"मग तुम्हाला काय?"

"मग मला संपवाव्या लागतात," मी म्हटलं.

बाहेर आलो. सूनबाई बाकावर बसून केळं खात होती. अर्धं सालीवर ठेवून बाकावर, मी बसणार त्या बाजूला. मी बसलो. ते केळं खाल्लं, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. तिने विचारलं, "काय म्हणाले?" म्हटलं, "पट्टा आकसला नाही म्हणाले." ती माझ्याकडे बघतच राहिली. मी रस्त्याकडे बघत होतो.

लोलक पडला नव्हता. तो पहिल्या आठवड्यापासून तिच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला आहे. मी तो रोज बघत होतो आणि मनात म्हणत होतो, पोरगी काटकसरी आहे, भंगारही वाया घालवत नाही.

८ एप्रिल

ही असती तर आज हिला सांगितलं असतं: तुझी जागा कुणी घेतली नाही, कुणी घेऊही शकणार नाही. पण मला एकट्याला खायचा धीर नव्हता, तेव्हा कुणीतरी शेजारी येऊन बसलं, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. उपकार मानायचे तर कोणत्या तोंडाने मानू? सूनबाई तर आपण काही केलंय असं कबूलच करणार नाही.

दुपारी ती रानात असताना जेवणघरात गेलो. टेबलावरचे कागद उचलून कपाटात लावले. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. लोलक घेतला, स्टुलावर चढलो, घंटेत अडकवून तार पिळून पक्का केला. बारीक तारेचं काम, आयुष्य त्यातच गेलं. मग दोरी धरली आणि घंटा अशी बडवली की समोरच्या झाडावरची पाखरं उडाली.

आचारीबुवा पळी हातात घेऊन धावत आले. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "जेवायची वेळ झाली. मोठी ताटं काढा, मातीतली."

ते तिथेच उभे. मग त्यांना खोकला आला, तोच, धुराचा. डोळे पुसत आत गेले आणि फळीवरून दोन लखलखीत ताटं काढून आणली. रानातून सूनबाई पळत येताना दिसली, दुर्बीण गळ्यात उडत होती. ओसरीवर थांबून तिने घंटेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. हात धुऊन ती आत आली, तेव्हा मी जेवायला सुरुवात केलेली होती.